मांडीवरचा प्रेक्षक



स्मृतिव्याख्यानासाठी इतिहासाचा विषय निवडावयाचा म्हटला की राजवटी, लढे आणि सत्तांतरे यांकडे आपले लक्ष प्रथम जाते. मी आज फार लहान विषय घेऊन आपणापुढे उभा आहे. लहान मुलांना नाटकास न्यावे काय, नेले तर कोठे बसवावे, आणि ते मूल भर खेळात रडू लागले तर काय करावे, हा तो विषय होय. हा तर घरगुती प्रश्न झाला, त्यात इतिहास कोठला, असे कोणास वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे रंगभूमीचा इतिहास नाटककारांचा लिहिला गेला, नटांचा आणि नाटकमंडळ्यांच्या मालकांचाही लिहिला गेला, प्रेक्षकाचा क्वचितच. त्यातही आईच्या मांडीवर बसून नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकाची नोंद करण्याचे कोणाच्या मनात आलेले दिसत नाही. तो मात्र पहिल्यापासून तेथे बसलेला आहे.

आपला जिल्हा सरहद्दीवरचा. निजामाच्या राज्यात असताना राजुरा आणि किनवट हे तालुके आदिलाबादेतच होते. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात गेले आणि नांदेडकडील मुधोळ आपल्याकडे आले. पुढे २०१४ साली तेलंगण राज्य झाले, आणि २०१६ साली एका आदिलाबादचे चार जिल्हे झाले. नकाशावरच्या रेघा अशा हलत राहिल्या, तरी घराघरांतली मराठी, गोंडी आणि तेलुगू यांची सरमिसळ काही हलली नाही. मुलांना खेळ दाखविण्याची आपली रीतही याच सरमिसळीतून आलेली आहे, म्हणून आरंभ येथूनच करतो.

दिवाळीच्या सुमारास राजगोंडांच्या गावांतून दंडारी निघते. एका गावची मंडळी वाद्ये घेऊन दुसऱ्या गावी पाहुणी जातात, नाचतात, जेवतात, आणि या जाण्यायेण्यातून सोयरिकीही जुळतात. दंडारीतला गुसाडी ज्याने एकदा पाहिला तो त्यास विसरत नाही. मस्तकी मोरपिसांचा मोठा मुकुट, खांद्यावर कातडे, अंगास राख, चेहऱ्यावर कृत्रिम दाढीमिशा, पायांत घुंगरू आणि हातात दंड. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गुसाडी हे सोंग नव्हे. ते व्रत आहे. सण संपेपर्यंत गुसाडी स्नान करीत नाही, आणि त्याच्या मुकुटाची पूजा होते. त्यास नाटक म्हणणे हे त्या समाजाच्या श्रद्धेवर अन्याय करणारे ठरेल. परंतु अंगणात जमलेल्या लहान मुलाच्या दृष्टीने पाहिले, तर रंगभूमीचा सारा अनुभव तेथे आहे. मुलांच्या घोळक्यावर गुसाडी धावून येतो, मुले किंचाळत आजीच्या पाठीमागे दडतात, आणि क्षणभराने तीच मुले पदराआडून पुन्हा डोकावू लागतात. दुसऱ्या की चौथ्या दिवशी सण सरतो आणि तोच गुसाडी शेजारच्या वावरात कापूस वेचताना दिसतो. मुलाच्या भीतीचा निकाल तेथे आपोआप लागतो. मारलवाईचे कनक राजू यांना गुसाडी नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या या अंगणाची दखल दिल्लीने घेतली. ते २०२४ साली निवर्तले.

राजगोंडांची कुळकथा सांगणारे परधान हे या संदर्भात आणखी एक नवल आहे. त्यांच्या घरची भाषा मराठी, आणि यजमानांच्या पूर्वजांच्या कथा ते गातात त्या गोंडीत, किकरीच्या साथीवर. मारलवाईस राहून हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या दशकात गोंड मुलांसाठी शिक्षणाची योजना आखली, तेव्हा गोंडी वाचनपाठ देवनागरी लिपीत छापले गेले, याचेही कारण हा मराठीचा शेजारच होता. परधानाची कथा रात्र रात्र चालते. तेथे मुलांना कोणी बोलावीत नाही आणि कोणी घालवूनही देत नाही. ती ऐकता ऐकता झोपतात आणि झोपेतून उठून पुन्हा ऐकू लागतात.

माझे आजोळ प्राणहितेच्या पलीकडे, झाडीपट्टीत. तेथील नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर, मंडईच्या जत्रांबरोबर सुरू होतो. पूर्वी दंडार असे. पुढे पडदे, हार्मोनियम आणि पेट्रोमॅक्स यांसह रात्रभराची नाटके आली, आणि आज वडसा म्हणजेच देसाईगंज हे त्या मंडळ्यांचे मोठे ठाणे आहे. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले. गावात नाटक ठरले की लेकी-जावयांना बोलावणी जात. आम्ही बैलगाडीतून जात असू. गाडीत तणस, तणसावर घोंगडी, घोंगडीवर आम्ही पाचसहा भावंडे. रंगमंचासमोरची जमीन खोदून उतरती केलेली असे, आणि तीत गाव बसत असे. खलनायकाच्या प्रवेशास मी डोळे मिटून घेई आणि आजोबा कानात सांगत, "अरे, तो आपल्या सुताराचा पोरगा नव्हे काय?" मला त्या नाटकांची कथानके आठवत नाहीत. आजोबांचा तो कानातला आवाज तेवढा आठवतो.

शहरातील मराठी रंगभूमीचा जन्मही मुलांना वगळून झालेला नव्हता. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस सीतास्वयंवराचा खेळ केला. त्या खेळांत आरंभी गणपती येई, मग मोरावर बसलेली सरस्वती नाचे, विदूषक कोलांट्या घेई आणि राक्षस आरोळ्या ठोकीत प्रवेश करी. त्या आरोळ्यांवरून या नाटकांस पुढच्या पिढीने 'अललडुर्र' असे थट्टेचे नाव ठेवले. सुशिक्षितांना ते नाटक पोरकट वाटू लागले, हे खरे. आणि जे पोरकट ते पोरांना आवडणारेही असते, हे ते विसरले. १८८० साली किर्लोस्करांचे शाकुंतल आले आणि रंगभूमीचे रूप पालटले. गाणे वाढले, अभिरुची वाढली, राक्षसाची आरोळी मागे पडली. मुले बायकांच्या बैठकीत आयांच्या मांडीवर होतीच; परंतु आता ती प्रेक्षक राहिली नव्हती, केवळ सोबत आलेली होती.

याच काळातला एक विरोधाभास मला फार बोलका वाटतो. नाटकमंडळ्यांतून लहान मुले नट म्हणून भरपूर होती. बालमोहन नाटक मंडळी तर बालनटांच्याच बळावर उभी राहिली. पुढे छोटा गंधर्व म्हणून गाजलेला मुलगा दहाव्या वर्षी तीत दाखल झाला, आणि अत्र्यांचे 'साष्टांग नमस्कार' १९३३ साली याच मंडळीने रंगभूमीवर आणले. रंगमंचावर मुले, आणि नाटक मोठ्यांचे! समोर बसलेल्या मुलासाठी नाटक लिहावे, ही कल्पना त्या वैभवाच्या काळात रुजली नाही.

दुसरे एक स्थित्यंतर अधिक निमूटपणे घडले. ते म्हणजे अंधार. जर्मनीत वाग्नेरने १८७६ साली बायरॉइटच्या नाट्यगृहात प्रेक्षागार अंधारात ठेवले, आणि वीज आल्यावर ही पद्धत जगभर पसरली. आपल्याकडे किटसनच्या दिव्यांच्या काळी प्रेक्षकाला शेजारचा चेहरा दिसत असे. बंदिस्त नाट्यगृहे, ओळीने मांडलेल्या खुर्च्या आणि विझणारे दिवे आले, तेव्हा मोठ्यांच्या नाटकाचे भलेच झाले, यात शंका नाही. सूक्ष्म अभिनय त्याशिवाय पोहोचला नसता. परंतु त्या अंधारात आजोबांचा चेहरा हरवला. बोलू नये, हलू नये, रडू नये, हे नियम आले. आणि चार वर्षांच्या मुलास हे तिन्ही नियम पाळता येत नाहीत.

मुलांसाठी वेगळे नाटक हवे, हा विचार युरोपात आधीच सुरू झाला होता. लंडनला १९०४ च्या डिसेंबरात 'पीटर पॅन' रंगभूमीवर आले. त्यात मरणोन्मुख परीला वाचविण्यासाठी प्रेक्षकांनी टाळ्या वाजवाव्यात अशी योजना होती. म्हणजे अंधारातल्या मुलास लेखकाने पुन्हा खेळात ओढून घेतले. मराठीत हे पाऊल १९५९ साली पडले. मुंबई मराठी साहित्य संघाच्या आश्रयाने सुधा करमरकर यांनी 'लिटल थिएटर' सुरू केले, आणि तेव्हा विशीत असलेल्या रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' सादर झाले. मुलांच्या नाटकास नेपथ्य, वेशभूषा आणि प्रकाशयोजना मोठ्यांच्या नाटकाइतकीच कसोशीने मिळाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. 'मुलांचेच तर आहे' म्हणून शाळेच्या चादरींचे पडदे लावण्याची सवय असलेल्या आपणा सर्वांना तो आजही टोचला पाहिजे. मतकरींनी १९६२ साली 'बालनाट्य' ही स्वतःची संस्था काढली. त्यांच्या 'अलबत्या गलबत्या'तील चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगविली, आणि २०१८ साली तेच नाटक नव्या संचात परतले, तेव्हा पहिल्या पिढीची मुले आपल्या नातवंडांना घेऊन नाट्यगृहात आली.

१९८६ साली मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीची पद्धत पुण्यास आणली. तीत चेटकीण नाही, राजकन्या नाही. घर, शाळा, भांडणारे आईबाप आणि मुलांचे खरे प्रश्न आहेत. चेटकिणीवर वाढलेल्या काही जाणत्यांना ते रूक्ष वाटले. माझे मत विचाराल तर दोन्ही हवीत. भीतीचा सराव मुलाला चेटकीण देते, आणि भीतीचे नाव त्याला ग्रिप्स सांगते.

हे सारे मुंबई-पुण्यास घडत असताना आपल्या जिल्ह्यातील मराठी मुलांच्या वाट्यास काय आले? अंगणातला खेळ उणावत चालला होता, आणि शहरातील बालनाट्य पैनगंगेच्या अलीकडे क्वचितच येई. म्हणून १९९३ साली आम्ही दोघा शिक्षकांनी चाळीस मुले एस. टी.ने सरहद्दीपलीकडील एका शहरात बालनाट्यास नेली. सर्वांत लहान मुलगा पाच वर्षांचा होता. बहिणीस सोडून राहीना म्हणून तोही बरोबर आलेला. दिवे मालवले आणि चेटकीण हसली, तशी त्याने जी किंकाळी फोडली ती थांबेचना. मागच्या रांगांतून शुकशुकाट झाला. द्वारपालाने विजेरीचा झोत आमच्यावर टाकला आणि पोरास बाहेर न्या म्हणून फर्मावले. मी त्याला उचलून बाहेर पायऱ्यांवर घेऊन बसलो. चाळीस मुलांचे भाडे आम्ही महिनाभर गोळा केले होते, आणि हा पठ्ठ्या नाटक न पाहताच परतणार, याचा मला त्याच्याहून अधिक राग आला होता, हे कबूल करतो.

मध्यंतरात रंगमंचामागच्या दारातून एक गृहस्थ चहासाठी बाहेर आले. अंगावर चेटकिणीचा झगा होता, केसांचा टोप काखेत होता आणि विरळ टक्कल उन्हात चमकत होते. मुलगा माझ्या मांडीवर ताठ झाला. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि आमच्याकडे पाहून हसले. बऱ्याच वेळाने मुलाने विचारले, "काका, तुम्ही गुसाडी आहात का?" त्यांना प्रश्न कळला नाही; मला कळला. उत्तरार्ध त्याने माझा हात धरून दाराशी उभ्याने पाहिला, आणि चेटकीण येताच मागच्या मुलांना सांगू लागला की तिला टक्कल आहे. द्वारपाल पुन्हा आला, पण या वेळी काही बोलला नाही.

ब्रिटनमध्ये अलीकडच्या वर्षांत काही नाट्यगृहे असे खास प्रयोग करतात की ज्यांत प्रेक्षागारातील दिवे पूर्ण मालवत नाहीत, मोठे आवाज सौम्य ठेवतात, आणि मुलास हवे तेव्हा उठून बाहेर जाता-येता येते. स्वमग्न मुलांच्या सोयीसाठी ही प्रथा मुख्यत्वे वाढली, आणि तान्ह्या मुलांच्या आयांनाही तिचा उपयोग झाला. ती वाचली तेव्हा मला झाडीपट्टीतली ती उतरती जमीन आठवली. दोन्हींची तुलना पूर्णपणे जुळणारी नाही, कारण आमच्या गावी ती सोय कोणी विचारपूर्वक केलेली नव्हती. विजेचा अभाव आणि गर्दी यांनी ती करून ठेवली होती.

त्या सहलीनंतरच्या स्नेहसंमेलनापासून आम्ही तीन गोष्टी बदलल्या. बालवर्गाची मुले खुर्च्यांमागून काढून सर्वांत पुढे सतरंजीवर, आपापल्या आजी-आजोबांसह बसविली. मंडपातील अर्धे दिवे चालू ठेवले. आणि राक्षसाची रंगभूषा पडद्याआड न करता, खेळापूर्वी अर्धा तास मुलांसमोर ओट्यावर करण्यास आरंभ केला. या तिसऱ्या गोष्टीस आमच्याच काही सहकाऱ्यांचा विरोध होता. आधीच सारे दाखविले तर नाटकात राहिले काय, असे ते म्हणत. पहिल्या वर्षी राक्षस झालेला नववीतला मुलगा काजळ लावून घेत असताना बालवर्गातील एक मुलगी जवळ गेली, तिने त्याच्या मिशीस बोट लावून पाहिले आणि बोटास लागलेले काळे आपल्या फ्रॉकला पुसले. तासाभराने तोच राक्षस रंगमंचावर गरजला, तेव्हा ती सर्वांच्या आधी आणि सर्वांहून मोठ्याने किंचाळली, आजीला बिलगली, आणि खेळ संपेपर्यंत तेथून हलली नाही.