घोडपदेवला ऐकू आलं, पेपरात आलं नाही

१४ एप्रिल १९४४, दुपारचे चार वाजून गेलेले. व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळ्याचं जहाज 'फोर्ट स्टिकीन' उडालं. घोडपदेवच्या चाळींना हे कुणी सांगायला हवं होतं का? अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. पण युद्धाची सेन्सॉरशिप! दुसऱ्या दिवशी बातमी दिली जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. इथल्या बातमीदारांना परवानगी मिळाली थेट मे महिन्यात. शत्रूला सगळं माहीत, अंधारात फक्त आपली माणसं.

याच्या उलट २६/११. कमांडोंच्या हालचाली टीव्हीवर लाइव्ह, आणि तेच बघून पाकिस्तानातले सूत्रधार फोनवर सूचना देतायत! २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने चॅनेल्सना झापलं, ते बरोबरच होतं.

मला कसोटी साधी वाटते. बातमीने आत्ता कुणाचा जीव जाणार असेल तर थांबा. नुसती सरकारची अब्रू जाणार असेल तर छापा!