प्रेक्षकाचा कौल : एका अलिखित मताचा इतिहास

'समीक्षक' आणि 'प्रेक्षक' हे दोन्ही शब्द 'पाहणे' या अर्थाच्या 'ईक्ष्' या एकाच संस्कृत धातूपासून आले आहेत. तरीही एकाचे पाहणे छापले गेले आणि दुसऱ्याचे पाहणे नाट्यगृहाच्या दारातून बाहेर पडताच हवेत विरून गेले. नाटक-सिनेमाचा इतिहास लिहिताना निर्माते, नट, दिग्दर्शक आणि टीकाकार यांची साधने अभ्यासकांच्या हाताशी असतात, पण तिकीट काढून आत बसलेल्या, कलेचे शास्त्र न शिकलेल्या आणि आवडले-नावडले ते तोंडावर सांगणाऱ्या माणसाचे मत मात्र त्याच्या खुणांवरूनच शोधावे लागते. व्यवसायातील मंडळी या मताला 'प्रेक्षकांचा कौल' म्हणतात, आणि हा शब्द विचारपूर्वक समजून घेण्याजोगा आहे. कोकणात देवाच्या मूर्तीला फुले किंवा पाकळ्या चिकटवून, त्यांपैकी उजवीकडची पडते की डावीकडची यावरून देवाचे उत्तर जाणण्याच्या प्रथेला कौल लावणे म्हणतात. हे उत्तर सकारण नसते, पण ते अंतिम मानले जाते. सामान्य प्रेक्षकाच्या मताला महाराष्ट्राने दिलेले स्थान नेमके असेच राहिले आहे: त्याच्यापुढे सर्वांनी मान तुकवली, पण त्यामागची कारणे फारशी कोणी विचारली नाहीत.

या मताला अधिकार मिळाला तो तिकिटामुळे. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केले, तेव्हा त्या खेळाचे खरे परीक्षक संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन हेच होते, कारण खर्च दरबाराचा होता आणि पसंतीही दरबाराचीच होती. चिंतामणरावांच्या निधनानंतर राजाश्रय सुटला, भाव्यांची मंडळी गावोगाव फिरू लागली आणि 1853 मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. त्या क्षणापासून एका राजाच्या मर्जीची जागा शेकडो अनोळखी माणसांच्या मर्जीने घेतली. पुढे 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'ने संगीत रंगभूमीचा पाया घातला आणि प्रेक्षकाला 'वन्समोअर' हे मत नोंदवण्याचे पहिले मोठे साधन मिळाले. आवडलेले पद पुन्हा म्हणायला लावण्याची ही पद्धत इतकी रुळली की एकेका पदाची अनेकदा आवृत्ती होऊन प्रयोग रात्रभर चालत. स्वस्त दराच्या जागांना 'पीट' म्हणत, आणि 'पिटातला प्रेक्षक' हा शब्द टीकाकारांनी बहुधा तुच्छतेने वापरला असला, तरी शिट्टी, टाळी किंवा सरळ आरडाओरड करून नटाला जागेवर निकाल सांगण्याचे धैर्य याच जागांवर होते.

चित्रपट आला तेव्हा तोही सुरुवातीला उच्चवर्गाचा खेळ होता. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला, तेव्हा दर एक रुपया होता. काही दिवसांतच खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात हलले आणि महिनाअखेरीस चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर लावून गोषातील स्त्रियांसाठी वेगळी सोयही करण्यात आली. दरांच्या या उतरंडीमुळे एकाच काळोखात निरनिराळ्या थरांतील माणसे बसू लागली. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला, आणि तो मुंबईबाहेर नेताना दादासाहेबांना सामान्य प्रेक्षकाच्या हिशेबीपणाचा अनुभव आला. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहण्याची सवय असलेल्या माणसाला तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ महाग वाटे. म्हणून फाळक्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रांचा आणि दोन मैल लांबीचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, अशा आशयाची जाहिरात केल्याचे चित्रपटाचे इतिहासकार नोंदवतात. आज ज्याला 'पैसा वसूल' म्हणतात त्या कसोटीचे हे पहिले ठळक उदाहरण मानता येईल, आणि ती कसोटी उथळ म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल, कारण ज्याच्या दिवसाच्या मजुरीतून तिकीट निघते त्याच्यासाठी किंमत आणि आनंद यांचा हिशेब हाही रसिकतेचाच भाग असतो.

हाच प्रेक्षक भक्तिभावानेही मत देत असे. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या, तरीही पडद्यावर राम दिसताच लोक हात जोडत. 1936 च्या 'संत तुकाराम'च्या वाट्याला आलेला मान याहून बोलका आहे: दामले-फत्तेलाल यांनी प्रभात फिल्म कंपनीसाठी दिग्दर्शित केलेला हा बोलपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमात 57 आठवडे चालला, आणि 1937 च्या व्हेनिस महोत्सवात जगातील निवडक तीन चित्रपटांत त्याची गणना झाली. तुकोबांच्या भूमिकेतील विष्णुपंत पागनीस यांना नमस्कार करणारा वारकरी आणि व्हेनिसचा परीक्षक यांच्या पाहण्याच्या रीती भिन्न होत्या, पण निकाल एकच होता. पंडितांची आणि लोकांची अभिरुची नेहमी एकमेकींच्या विरुद्ध असते, या समजुतीला हा चित्रपट एकटाच पुरेसे उत्तर आहे.

सरकारला मात्र या प्रेक्षकाविषयी विश्वासापेक्षा चिंता अधिक वाटत असे. 1927 मध्ये टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटी नेमण्यात आली आणि 1928 मध्ये तिने आपला अहवाल दिला. प्रश्नावल्या धाडून आणि साडेतीनशेच्या वर साक्षी घेऊन या समितीने चित्रपटांचा जनमानसावरील परिणाम तपासला; फाळक्यांनीही तिच्यापुढे साक्ष दिली. परंतु साक्ष देणारे बहुतेक जण अधिकारी, व्यावसायिक, शिक्षक व सुशिक्षित नागरिक होते, आणि निरक्षर प्रेक्षकाला काय आवडते व कशाने तो बिघडतो, हे त्याच्या वतीने तेच सांगत होते. सामान्य प्रेक्षकाचे मत घेण्याऐवजी त्याच्याविषयी मत घेण्याची ही सवय पुढेही सुटली नाही.

छापील पानावर या प्रेक्षकाला जागा मिळाली ती वाचकांच्या पत्रव्यवहारामुळे. पालघर परिसरात जन्मलेले बाबूराव पटेल यांनी 1935 मध्ये मुंबईतून सुरू केलेल्या 'फिल्मइंडिया' या इंग्रजी मासिकात वाचकांच्या प्रश्नांना संपादकांनी दिलेली रोखठोक उत्तरे हे सर्वांत लोकप्रिय सदर होते, आणि त्यामुळे लहान गावांतील वाचकही नट-नट्यांविषयी, चित्रपटांविषयी आणि राजकारणाविषयी निर्भीडपणे विचारू लागले. तथापि पत्र लिहिण्यासाठी अक्षरओळख, तीही इंग्रजीची, आणि टपालखर्चाची ऐपत लागे. म्हणून ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांचे मत दुसऱ्या एका मापाने मोजले जाऊ लागले, आणि ते माप म्हणजे आठवडा.

एखादा चित्रपट एका चित्रगृहात सलग पंचवीस आठवडे चालला की रौप्यमहोत्सव आणि पन्नास आठवडे चालला की सुवर्णमहोत्सव साजरा होई. अनंत माने दिग्दर्शित 'सांगत्ये ऐका' हा 1959 चा तमाशापट पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात 131 आठवडे चालला, याचा अर्थ अनेकांनी तो पुनःपुन्हा पाहिला आणि घरी जाऊन इतरांना पाहायला सांगितले. ग्रामीण महाराष्ट्रात हेच काम तंबूतील सिनेमाने, म्हणजे जत्रेतून जत्रेत फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजने केले. तंबूच्या मालकाला लोकमत समजण्यासाठी आठवडाभर थांबण्याची गरज नसे. पहिल्या खेळातून बाहेर पडणारी माणसे जत्रेत काय बोलतात यावर दुसऱ्या खेळाची गर्दी ठरत असे, आणि गर्दी ओसरली की चित्रपटाची रिळे ठेवलेली 'पेटी' बदलली जाई. 'पडला', 'चालला', 'उचलून धरला', 'टाइमपास', 'डोक्याला ताप' हे शब्द याच बोलण्यातून रूढ झाले आहेत. प्रत्येक शब्द एका वाक्याचे परीक्षण आहे आणि प्रत्येकाचा अर्थ ऐकणाऱ्याला अचूक कळतो.

1970 च्या दशकात हा कौल आणि छापील समीक्षा यांच्यातील अंतर उघडपणे दिसू लागले. 1971 च्या 'सोंगाड्या'पासून दादा कोंडके यांनी सलग नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव साजरे केले आणि त्यांची नोंद गिनेस बुकात झाली. त्यांच्या द्व्यर्थी विनोदावर सुशिक्षितांनी नाके मुरडली, पण गिरणी कामगाराने आणि शेतकऱ्याने पडद्यावरच्या त्या भोळसट, लोंबत्या नाडीच्या नायकात आपले माणूस ओळखले. 1975 मध्ये प्रदर्शित झालेल्या 'शोले'चे सुरुवातीचे परीक्षण थंड होते, परंतु प्रेक्षकांच्या तोंडी प्रशंसेने तो मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात पाच वर्षांहून अधिक काळ टिकला. त्याच वर्षी अल्प खर्चात, फारशी नावाजलेली नटमंडळी नसताना आलेल्या 'जय संतोषी माँ'ला स्त्रियांनी यश मिळवून दिले. चपला बाहेर काढून आत जाणाऱ्या आणि पडद्याची आरती करणाऱ्या या स्त्रियांना तोवरच्या चित्रपटव्यवहाराने ग्राहक म्हणून क्वचितच गृहीत धरले होते.

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर मत देण्याची जागा चित्रगृहातून घरात आली. संच मोजक्या घरांत असल्यामुळे शनिवारचा मराठी आणि रविवारचा हिंदी चित्रपट पाहायला अवघी चाळ एका खोलीत जमत असे, आणि 'चिमणराव-गुंड्याभाऊ'सारख्या मालिकेवरची प्रतिक्रिया दुसऱ्या दिवशी नळावर, गच्चीत आणि कचेरीत उमटत असे. 1984 मध्ये राष्ट्रीय प्रक्षेपणातून आलेल्या 'हम लोग' या मालिकेला लाखो पत्रे आली, आणि त्यांच्या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली: मनोहर श्याम जोशी यांच्या लेखणीतील सोशिक आईचे पात्र मालिकेने अन्याय मुकाट सोसण्याचे दुष्परिणाम दाखवण्यासाठी योजले होते, पण अनेक प्रेक्षकांना तीच अनुकरणीय वाटली. लेखकाला जे सांगायचे असते त्यापेक्षा प्रेक्षक आपल्या आयुष्याच्या आधाराने वेगळेच ऐकतो, हे या पत्रांनी लेखी दाखवून दिले. 1987 मध्ये सुरू झालेली 'रामायण' मालिका मूळच्या 52 भागांवरून 78 भागांपर्यंत वाढली, तीही प्रेक्षकांच्या मागणीच्या जोरावर.

खाजगी वाहिन्या आल्यानंतर पत्रांची जागा टीआरपीने, म्हणजे निवडक घरांतील संचांना यंत्र जोडून कोणता कार्यक्रम किती पाहिला जातो हे मोजणाऱ्या आकड्याने घेतली. महाराष्ट्रात 1999 मध्ये अल्फा मराठी आणि 2000 मध्ये ईटीव्ही मराठी सुरू झाल्यावर मालिकेचे आयुष्य या आकड्यावर ठरू लागले. ही मोजणी व्यवसायाला आवश्यक आहे, परंतु तिची मर्यादा मूलभूत आहे: संच चालू होता हे यंत्र सांगते, तो आवडीने चालू होता की सवयीने, किंवा मालिकेतील सुनेचा छळ पाहताना घरातील सून काय म्हणाली, हे ते सांगू शकत नाही. वन्समोअरमध्ये आनंदाचा स्वर होता, पत्रात कारण होते. आकड्यात यांपैकी काहीच उरत नाही. 2016 मध्ये 'सैराट' पाहताना गाण्यावर पडद्यासमोर नाचणारी तरुण मुले शेवटच्या दृश्यानंतर अबोल होऊन बाहेर पडली. तिकीटविक्रीच्या हिशेबात त्या अबोलपणाची नोंद नाही, पण त्या चित्रपटाचे सर्वांत खरे परीक्षण तेच होते.

या दीडशेहून अधिक वर्षांच्या वाटचालीवरून एक निष्कर्ष ठामपणे काढता येतो. सामान्य प्रेक्षकाचे मत कधी चुकले असेल, कधी भाबडे ठरले असेल, पण ते विकत घेतलेले नव्हते. ते त्याने स्वतःच्या पैशातून, वेळेतून आणि अनुभवातून कमावले होते, आणि राजाश्रय सुटलेल्या मराठी रंगभूमीला व चित्रपटाला त्यानेच जगवले. पुण्यात 1964 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपट, भित्तिचित्रे आणि गाण्यांच्या पुस्तिका जपल्या, तसेच जतन प्रेक्षकाच्या शब्दांचेही व्हायला हवे. एखाद्या घराच्या जुन्या ट्रंकेत आजोबांनी पाहिलेल्या चित्रपटांची वही असेल, आजीने मासिकाला लिहिलेल्या पत्राचा कच्चा खर्डा असेल, रोजनिशीच्या कोपऱ्यात एका नाटकाबद्दल दोन ओळी असतील, तर त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. आणि ज्यांच्याकडे कागद नाही त्यांच्या घरातील वृद्धांना तंबूतला सिनेमा कसा वाटला होता, हे आजच विचारून लिहून ठेवावे.