नाथसागर : नावांखाली बुडालेला इतिहास

ज्या गावाचे नाव या धरणाला आहे, ते गाव धरणापाशी नाहीच. जायकवाडी हे बीड जिल्ह्यातले गाव. गोदावरीवरचा प्रकल्प प्रथम तेथे योजला होता. पुढे जागा बदलून पैठण ठरले. नाव मात्र तेच राहिले. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांनी पायाभरणी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले.

जलाशयाला ‘नाथसागर’ हे नाव मिळाले, पायथ्याच्या बागेला ज्ञानेश्वरांचे. म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवरची ही बाग मराठवाड्यातील एका पिढीच्या शालेय सहलींचे हमखास ठिकाण होती. १९८६ मध्ये जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. एकीकडे सहल, दुसरीकडे छत्रपती संभाजीनगरची तहान आणि दूरवरच्या कालव्यांचे सिंचन, अशी ही दुहेरी ओळख.

नाव देणे हा इतिहासलेखनाचाच एक प्रकार आहे. या पाण्याखाली शंभराहून अधिक गावांची जमीन गेली. देवळे, पार, शिवारे बुडाली आणि माणसे पुनर्वसनाच्या वसाहतींत विखुरली. पर्यटकांसाठीच्या माहितीत दरवाजे सत्तावीस असल्याचे सांगितले जाते. गावांची नावे सहसा येत नाहीत. संतांच्या नावामुळे जलाशयाला पावित्र्य लाभले, पण त्याच पावित्र्याने विस्थापितांचे दुःख झाकून टाकले, असे म्हणावे लागते.

आणि तरीही हे नाव सोयीचे नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेले गंगाजल वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजणारे एकनाथ पैठणचेच. त्या आख्यायिकेचा अर्थ सरळ आहे : पाण्यावर पहिला हक्क तहानेचा. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले, तरी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न टंचाईच्या वर्षी न्यायालयात जातोच. २०१९ च्या उन्हाळ्यात तर नाथसागराच्या मृतसाठ्यातून पाणी उपसावे लागले.

तेव्हा पैठणला जाणाऱ्याने बागेत अवश्य फिरावे, पाण्यावरचे रोहित पक्षीही पाहावेत. मात्र ज्यांनी आपली गावे देऊन हे पाणी दिले, त्यांच्या वाट्याला त्यातले किती आले, हा प्रश्न सोबत न्यावा. नाथांचे नाव घेऊन तो टाळता येणार नाही.