भग्न कट्यारीचा जीर्णोद्धार

सौंसर हे नागपूर-छिंदवाडा मार्गावरील मराठी गाव. प्रथम देवगडच्या गोंड राजांच्या आणि पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली राहिलेल्या या मुलखातील जुन्या घरांतून दसऱ्याच्या शस्त्रपूजेस अद्यापि एखादी कट्यार पाटावर येते. बहुधा तिचे पाते गंजलेले, टोक मोडलेले, मुठीची एक आडवी दांडी निखळलेली असते. ‘ही नीट करून घेण्याजोगी आहे काय?’ अशी पृच्छा आम्हांस होते, तेव्हा विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लखलखीत पाते व सोनेरी मुलामा असतो. आमच्या मते कट्यार शिकलगाराच्या हाती देण्यापूर्वी तिची मोडतोड वाचावयास हवी.

कारण मोडणे हे नेहमीच नुकसान नसते. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातून येणाऱ्या तलवारींच्या पात्यांना आपल्याकडे मोठा मान असे. त्यांनाच फिरंग म्हणत. असे पाते मोडले तर ते टाकून न देता त्याचा तुकडा कट्यारीच्या मुठीस खिळ्यांनी जडवीत. तंजावरच्या शस्त्रागारातील कित्येक कट्यारी या जातीच्या आहेत. पात्यावरील उभ्या पन्हळी मुठीपाशी एकाएकी तुटलेल्या दिसतात आणि सांध्यावर खिळ्यांची डोकी असतात. आजच्या कारागिरास हा सांधा ओबडधोबड वाटेल व तो घासून एकजीव करील. परंतु समुद्रापलीकडचे पाते आणि येथील लोहार यांची गाठ पडल्याचा पुरावा तेवढाच आहे! तंजावरचे राज्य १८५५ साली खालसा झाल्यानंतर तेथील ढीगभर हत्यारे मोडून भंगाराच्या भावाने विकली गेली. निवडक तेवढी मद्रासच्या संग्रहालयात पोहोचली. अशा संहारातून वाचलेल्या वस्तूंचा नाश आता हौसेने होऊ नये.

मुलाम्याची गोष्ट याहून नाजूक. कोफ्तगिरीत पोलादावर बारीक आडव्याउभ्या रेघा पाडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवितात. सोने पृष्ठभागावरच असते. खाली गंज शिरला की ते उचलले जाते आणि गंज खरवडला की त्याबरोबर निघून जाते. नागपूरच्या रघूजी भोसल्यांची म्हणून ओळखली जाणारी तलवार २०२५ साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून मिळविली. तिचे पाते युरोपीय. ती कोणाची हे सांगतात ती पात्यावरील देवनागरीतील सोन्याची अक्षरे. ती घासली गेली असती तर अनेक परदेशी पात्यांतले एक एवढीच तिची किंमत उरली असती. घरातील वडीलधाऱ्यांचा रोष पत्करूनही सांगावेसे वाटते, की दरवर्षी राख-लिंबाने हत्यार उजळण्याची आपली रीत भक्तीची असली तरी अक्षरांच्या मुळावर येणारी आहे. पाते जौहरदार पोलादाचे असेल तर त्यावरील लाटांसारखी नक्षीही सततच्या घासण्याने पुसट होते.

मग काहीच करू नये काय? तसे नव्हे. गंज दोन प्रकारचा दिसतो. काळपट, घट्ट बसलेला गंज बहुधा स्थिरावलेला असतो; त्यास हात लावण्याची घाई नको. नारिंगी, भुकटी होऊन बोटास लागणारा गंज मात्र पाते खात असतो. तो थांबविणे हे जतन होय, आणि ते अवश्य करावे. वस्तू कोरडी ठेवावी, मऊ ब्रशने धूळ काढावी, उघड्या हाताने पाते धरू नये. पुढचे काम जाणत्या संरक्षकाचे.

नवी दांडी बसविण्याबाबत आमचे मत कठोर नाही. मूळ भाग शिल्लक असून नुसता निखळला असेल तर तो जोडावा. तो हरवला असेल तर नव्या दांडीचा आग्रह सोडावा. प्रदर्शनासाठी बसवावीच लागली तर ती सहज काढता येईल व नवी म्हणून ओळखू येईल अशी असावी. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते. ती परदेशी पाठविण्याचा अधिकार खासगी व्यक्तीस नाही, हेही खरेदीदार दारात उभा राहण्यापूर्वी ठाऊक असावे.

कट्यार चामड्याच्या म्यानात मात्र ठेवू नये. चामडे ओल धरते, आणि वर्षभर म्यानात राहिलेले पाते दसऱ्याला बाहेर येते ते नवा नारिंगी गंज घेऊन.