केंद्रीय शिरानलिका : रक्तसंसर्गातील व्यवस्थापन

मान, हासळीखालचा भाग, दंड किंवा जांघ येथील शिरेतून आत सरकवून जिचे टोक हृदयाजवळच्या महाशिरेत ठेवतात, अशी लवचिक नळी. रुग्णालयात ती ‘सेंट्रल लाइन’ म्हणून ओळखली जाते. रक्तदाब टिकवणारी औषधे, केमोथेरपी, शिरेवाटे पोषण व डायलिसिस यांसाठी ती वापरतात. अल्पकाळाच्या साध्या नळ्या, दंडातून घातलेली पिक लाइन, त्वचेखालून बोगदा करून बसवलेली हिकमन नलिका आणि पूर्णपणे त्वचेखाली राहणारा पोर्ट हे तिचे मुख्य प्रकार होत.

संसर्गाचा मार्ग : अल्पकाळाच्या नळीत त्वचेवरचे जंतू बहुधा नळीच्या बाहेरच्या बाजूने आत शिरतात; दीर्घकाळाच्या नळीत ते हाताळणीच्या वेळी जोडतोंडातून आतल्या पोकळीत जातात. नळीच्या पृष्ठभागावर ते चिकट थर (बायोफिल्म) तयार करतात. या थरातील जंतूंवर प्रतिजैविकांचा परिणाम फारसा होत नाही. म्हणून औषध चालू असतानाही संसर्ग पुन्हा उलटू शकतो.

निदान : दुसरे कारण नसताना थंडी वाजून ताप आल्यास, विशेषतः लाइनमधून द्रव सोडताच हुडहुडी भरल्यास, संशय घ्यावा. नळीच्या तोंडाशी लाली किंवा पू अनेकदा नसतो. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी एक रक्तनमुना लाइनमधून व एक हाताच्या शिरेतून, एकाच वेळी आणि सारख्याच प्रमाणात घेतात. लाइनमधील नमुन्याच्या बाटलीत जंतूंची वाढ किमान 2 तास आधी दिसली, तर उगम लाइनमध्येच असल्याचे धरतात. काढलेल्या नळीचा टोकाकडील 5 सेंमी. लांबीचा तुकडा पोषक माध्यमाच्या थाळीवर लोळवून वसाहती मोजण्याची पद्धत डेनिस माकी यांनी 1977 मध्ये मांडली. 15 हा तिचा उंबरठा आहे.

लाइन काढावी की ठेवावी : केवळ ताप आला म्हणून प्रत्येक लाइन काढत नाहीत. निर्णय रुग्णाची स्थिती, जंतू आणि लाइनची निकड यांवर ठरतो. रक्तदाब कोसळणे, बोगद्यात किंवा पोर्टच्या कप्प्यात पू, हृदयझडपेचा संसर्ग, शिरेतील संसर्गित गुठळी, किंवा योग्य औषधाच्या 72 तासांनंतरही रक्तात जंतू सापडणे, यांपैकी काहीही असल्यास लाइन काढतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनास व कॅन्डिडा यांच्या संसर्गातही सहसा हाच मार्ग धरतात. त्वचेवरील कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस असेल, रुग्ण स्थिर असेल आणि दीर्घकाळाची लाइन गरजेची असेल, तर ती वाचवता येते. त्यासाठी 10 ते 14 दिवस शिरेवाटे औषध देतात आणि नळीच्या पोकळीत तीव्र मात्रेचे प्रतिजैविक काही तास भरून ठेवतात. याला ‘लॉक’ उपचार म्हणतात. संसर्गित नळीतूनच तार घालून नवी नळी बसवणे शक्यतो टाळतात. दुसरी शीर मिळत नसेल तरच तो पर्याय उरतो.

उपचारांची मुदत : पहिला जंतुमुक्त रक्तनमुना आला तो दिवस पहिला धरतात. लाइन काढल्यावर कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकससाठी 5 ते 7, ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंसाठी 7 ते 14 आणि कॅन्डिडासाठी किमान 14 दिवस उपचार करतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियसला किमान 14 दिवस, तर गुंतागुंत असल्यास 4 ते 6 आठवडे लागतात. त्यात हृदयाची इको तपासणी महत्त्वाची असते. कॅन्डिडात डोळ्यांचा पडदा तपासतात. भारतातील अतिदक्षता विभागांत कार्बापेनेमला दाद न देणारे क्लेब्सिएला व कॅन्डिडा ऑरिस आढळतात. त्यामुळे अहवाल येण्यापूर्वीचे औषध त्या रुग्णालयातील प्रतिरोधाची नोंद पाहून निवडावे लागते.

प्रतिबंध : अमेरिकेतील मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या प्रकल्पात हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आवरण, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणे, जांघेतील शीर टाळणे व अनावश्यक लाइन काढणे या पाच गोष्टी काटेकोरपणे पाळल्या गेल्या. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संसर्गाचा मध्यक दर 1000 नलिका-दिवसांमागे 2.7 वरून तीन महिन्यांत शून्यावर आला. ठरावीक दिवसांनी लाइन बदलत राहिल्याने मात्र संसर्ग कमी होत नाही. तिची गरज रोज तपासणे आणि ती संपताच लाइन काढणे हाच नियम आहे.