पाणपोई, बर्फ आणि तोटी

लढाया, तहनामे आणि वंशावळी यांच्या मानानें थंड पाण्याचा इतिहास हा विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि उन्हाळ्यांत वाटसरूस थंड पाणी कोणीं द्यावें, कोणत्या भांड्यांतून द्यावें आणि कोणाच्या हातानें द्यावें, हा प्रश्न उत्तर कोंकणांत निदान एकोणीसशें वर्षांपासून नोंदला गेला आहे. ह्या नोंदी एकत्र करून पाहिल्या असतां आज आपण जी थंड पाण्याची तोटी सहज फिरवितों, तिच्यामागें केवढी गुंतागुंत दडलेली आहे हें ध्यानांत येतें.

आरंभ नाशिकच्या लेण्यांपासून करावा लागतो. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याच्या प्रसिद्ध लेखांत त्याच्या दानधर्माची जी यादी आहे, तींत इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका ह्या नद्यांवर त्यानें फुकट तरी ठेविल्या आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा बांधविल्या, असें स्पष्ट म्हटलें आहे. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. तेव्हां ही नोंद जुन्या ठाणें जिल्ह्याच्या भूमींतीलच होय. प्रपा म्हणजे पाणी पाजण्याचें ठिकाण. मराठी ‘पाणपोई’ ह्या शब्दांतील ‘पोई’ ही ह्या प्रपेपासूनच आली असावी, असें आमचें मत आहे. कान्हेरी व नाणेघाट येथील लेखांत पाण्याच्या टांक्यास ‘पोढि’ किंवा ‘पाणियपोढि’ म्हटलेलें आढळतें, आणि ध्वनिसाम्यामुळें पाणपोईचा संबंध ह्या शब्दाशीं जोडण्याचा मोह होतो. परंतु पोढि ही पाणी सांठविण्याची जागा असून प्रपा ही पाणी देण्याची जागा आहे, हा भेद विसरतां कामा नये. कान्हेरीस एक पोढि कल्याणच्या सामिदत्त नांवाच्या सोनारानें खोदविली, तर नाणेघाटांतील एक सोपाऱ्याच्या गोविंददासानें. ह्यावरून असें दिसतें कीं, पाण्याचें दान हा केवळ राजेलोकांचा अधिकार नव्हता. कल्याण-सोपाऱ्याचे कारागीर व व्यापारीही त्यांत पुढें होते. कान्हेरीचीं टांकीं खडकांत खोल व बहुतेक झांकलेलीं असल्यामुळें त्यांतील पाणी सूर्याच्या तापापासून बचावतें. मात्र दगड पाझरत नाहीं. त्यामुळें असलेला थंडावा राखणें एवढेंच त्याला साधतें. नवा थंडावा निर्माण करणें त्याच्या शक्तीबाहेरचें आहे.

तें काम मातीचें. भाजलेल्या मातीच्या भांड्यास जीं सूक्ष्म छिद्रें असतात त्यांतून पाणी बाहेर झिरपतें, त्याची वाफ होते, आणि त्या वाफेस लागणारी उष्णता आंतील पाण्यांतून घेतली जाते. माठ, रांजण, सुरई ह्या सर्वांचें तत्त्व हेंच. वाळ्याची जुडी पाण्यांत टाकल्यानें सुगंध येतो, थंडावा येत नाहीं. लोकसमजूत कांहींही असो. येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. वाफ होण्याचें प्रमाण हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असल्यामुळें एकच माठ देशावर व कोंकणांत सारखें काम करीत नाहीं. घांटावर वैशाखांत हवा ३८ अंशांपर्यंत तापली तरी दमटपणा शेंकडा वीसच्या सुमारास असल्यास माठांतील पाणी तत्त्वतः २१ अंशांपर्यंत उतरूं शकतें. ठाण्या-मुंबईकडे हवा ३३ अंशच असली तरी दमटपणा शेंकडा पासष्ट असल्यावर ही मर्यादा २७ अंशांच्या खालीं जात नाहीं. म्हणजे जेथें घाम सर्वांत जास्त येतो तेथेंच माठ सर्वांत कमी उपयोगी पडतो! पुढें बर्फाचें जें कौतुक मुंबईस झालें, त्याचें एक कारण ह्या दमट हवेंत आहे.

श्रीमंतांच्या घरीं दुसरा उपाय होता, तो सोऱ्याचा. आईन-इ-अकबरींत आबदारखान्याचें प्रकरण आहे. त्यांत अबुल फजल सांगतो कीं, एक शेर पाणी जस्ताच्या किंवा रुप्याच्या सुरईंत घालून तोंड बंद करावें; दुसऱ्या भांड्यांत अडीच शेर सोरा व पांच शेर पाणी घालावें आणि त्यांत ती सुरई सुमारें पाव तास हालवीत राहावें, म्हणजे आंतील पाणी गार होतें. जो सोरा बंदुकीच्या दारूंत आग उत्पन्न करतो तोच पाणी थंड करतो, ह्याचें त्यालाही नवल वाटलेलें दिसतें. पुढें १५८६ पासून दरबार लाहोरास असतां डोंगरांतून बर्फ आणविला जाऊं लागला. दक्षिणेंत ती सोय अर्थातच नव्हती. मराठी राज्यव्यवस्थेंतील अठरा कारखान्यांच्या यादींत आबदारखाना व शरबतखाना हे दोन निरनिराळे सांगितले आहेत, आणि दारूखाना तिसरा. थंडावा व दारूगोळा यांस लागणारें द्रव्य एकच. तेव्हां आबदारास सोऱ्यासाठीं दारूखान्याचें तोंड पाहावें लागत असावें, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. सोरा विरघळलेलें पाणी उन्हांत आटविलें कीं सोरा परत मिळे, म्हणून खर्च वाटतो तितका नव्हता. परंतु मनुष्यबळ फार लागे. प्रसंगवशात् एवढें सांगून ठेवितों कीं, आबदार हा शब्द ‘आब’ म्हणजे पाणी यावरून आलेला असून, मिरवणुकींतील अब्दागीर ही ‘आफ्ताब’ म्हणजे सूर्य यावरून आलेली आहे. ह्या दोहोंची गल्लत करूं नये.

एकोणिसाव्या शतकांत ह्या आबदाराचा धंदा अमेरिकेनें बसविला. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यानें तेथील गोठलेल्या तळ्यांवरील बर्फ कापून, लांकडाच्या भुशांत दडपून, जहाजांनीं उष्ण देशांत पाठविण्याचा उद्योग १८०६ पासून चालविला होता. ता. १२ मे १८३३ रोजीं ‘टस्कनी’ नांवाचें जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघालें, विषुववृत्त दोनदां ओलांडून चार महिन्यांनीं कलकत्त्यास पोंचलें, आणि तेव्हांही सुमारें शंभर टन बर्फ शिल्लक होता. पुढील वर्षीं हा माल मुंबईस आला. जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीचें नांव ह्या आयातीशीं निगडित आहे. १८३४ मध्यें जमशेटजी जिजीभाई यांनीं मेजवानींत पाहुण्यांस आइस्क्रीम दिलें व त्यामुळें यजमान आणि पाहुणे सर्दीनें आजारी पडले, अशी बातमी ‘मुंबई समाचार’नें दिली होती. कोटांत गोदीच्या फाटकाजवळ बर्फ सांठविण्याची इमारत उभी राहिली. ती पुढें पाडली गेली, आणि आज त्या जागीं खुर्शेदजी रुस्तमजी कामा यांच्या नांवाची प्राच्यविद्येची संस्था आहे. जहाज लांबलें म्हणजे शहरांत बर्फाचा दुष्काळ पडे. १८८० च्या सुमारास येथेंच यंत्रानें बर्फ होऊं लागल्यावर हा समुद्रापारचा व्यापार थंडावला. तथापि ह्या सर्व काळांत बर्फ गेला तो बंगले, रुग्णालयें व मेजवान्या यांजकडे. रस्त्यावरच्या हमालास त्याचा उपयोग नव्हता.

त्याच्यासाठीं जी सोय झाली ती नळाची. विहारचें पाणी मुंबईस १८६० त आलें, तुळशीचें १८७९ त, तानशाचें १८९२ त. विहार व तुळशी हीं दोन्ही तळीं साष्टींत, म्हणजे त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांत, आणि तानसा शहापूर तालुक्यांत. तेव्हां मुंबईची तहान ठाण्यानें भागविली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होणार नाहीं. स्वतः ठाणें शहरास नळाचें पाणी पोखरण तळ्यांतून मिळूं लागलें. आज वर्तकनगरावरून जाणाऱ्या रस्त्यास पोखरणचें नांव आहे, परंतु तें एका तळ्याचें नांव होतें हें त्या रस्त्यानें रोज जाणाऱ्यांपैकीं किती जणांस ठाऊक असेल, कोण जाणे. मुंबईंत कावसजी जहांगीर रेडीमनी यांनीं पाणी पिण्याचीं चाळीस कारंजीं बांधून दिलीं. १८७६ त केशवजी नाईक यांचें कारंजें झालें. उषवदाताच्या प्रपेची परंपरा अशा रीतीनें लोखंडी नळास येऊन मिळाली.

परंतु ह्या अदलाबदलींत एक गोष्ट हरवली, ती म्हणजे थंडावा. नळ जमिनींत पुरलेला असतो तोंवर आंतील पाणी मातीच्याच उष्णतेचें असतें. तोटी मात्र भिंतीबाहेर उन्हांत असते. पितळ झिरपत नाहीं, उलट उष्णता झपाट्यानें आंत नेतें. तोटीच्या मानेंत अडकलेलें पाणी तापतें, आणि पहिला घोट कोंबट लागतो. म्हणून नळ आल्यावरही चैत्र-वैशाखांत पाणपोईवरचे रांजण उठले नाहींत, आणि अक्षय्यतृतीयेस द्यावयाचा उदकुंभ मातीचाच राहिला.

आतां ह्या विषयाच्या खऱ्या मर्माकडे वळूं. धर्मशास्त्रीय व्यवहारांत धातूचें भांडें विटाळलें तर घांसून, तापवून शुद्ध करतां येतें. मातीचें भांडें विटाळलें तर तें टाकूनच द्यावें लागतें. ज्या सच्छिद्रतेमुळें माठ पाणी थंड करतो, तिच्यामुळेंच तो शुद्ध होण्यास अपात्र ठरला. परिणाम असा झाला कीं, सर्वांत थंड पाणी ज्या भांड्यांत असे, त्याच भांड्याभोंवतीं स्पर्शास्पर्शाचें कुंपण सर्वांत कडक असे. पाणपोईवरील मनुष्य वरून धार धरी व पिणारा खालीं ओंजळ करी. अस्पृश्य मानलेल्या माणसासाठीं ती धार लांब पन्हळींतून सोडीत, किंवा मुळींच सोडीत नसत. पाणपोईचें पुण्य गाणाऱ्यांनीं ही दुसरी बाजू झांकून ठेविली, हें आमच्या मतें इतिहासाशीं प्रामाणिकपणाचें झालें नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८६८ त आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला तो ह्याच पार्श्वभूमीवर.

तोटीस हात लावतांना आंतील पाण्यास हात लागत नाहीं, म्हणून नळानें हा प्रश्न आपोआप सुटावयास हवा होता. तसें झालें नाहीं. प्रथम सनातन्यांनीं तोटींतील चामड्याच्या चकतीवर आक्षेप घेतला. पुढें तो आक्षेप सोयीपुढें विरला, पण तोटीस हात कोणीं लावावा हा वाद राहिला. रेल्वेच्या स्टेशनांवर तर ‘हिंदु पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ अशी सरळ विभागणी चाले. ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदे कौन्सिलांत सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला व सार्वजनिक पैशानें चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस मोकळ्या असाव्या असें ठरलें. महाड नगरपालिकेनें १९२४ त त्यास अनुसरून ठराव केला. आणि तरीही ता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहस्रावधि अनुयायी यांस चवदार तळ्याचें पाणी सत्याग्रह करून प्यावें लागलें. ठराव झाला म्हणून पाणी मिळालें नाहीं. पाण्याच्या इतिहासांत यंत्र आणि कायदा हे दोन्ही माणसाच्या मागूनच चालत आलेले दिसतात.

बर्फ व तोटी यांची गांठ खऱ्या अर्थानें पडली ती सोड्याच्या पाण्यांत. पाण्यांत वायु किती मावेल हें थंडपणावर ठरतें: शून्य अंशास एक माप पाण्यांत सुमारें १.७ मापें कर्बवायु विरतो, वीस अंशांस तो ०.८८ पर्यंत उतरतो, आणि तीस अंशांस ०.६७ च्या जवळ येतो. म्हणून पिंप बर्फांत असून तोटी तापलेली असली तर वायु वाटेंतच सुटतो, पेल्यांत नुसता फेंस पडतो व उरतें तें मिळमिळीत पाणी. बिअरच्या पिंपाचेंही हेंच. अमेरिकेंतील सोडा विकणाऱ्यांनीं ह्यावर संगमरवरी पेटींत बर्फ भरून त्यांतून नळीचीं वेटोळीं थेट तोटीपर्यंत नेण्याची युक्ति काढली. आपल्याकडे ती फारशी रुजली नाहीं. बर्फाचा खर्च व हवेचा ताप पाहतां दिवसभर तोटी थंड राखणें दुकानदारास परवडण्यासारखें नव्हतें. त्याऐवजीं हायरम कॉड यानें १८७२ त काढलेली गोटीची बाटली येथें सर्वत्र पसरली, कारण ती बर्फाच्या पाण्यांत बुडवून ठेवतां येते व फोडीपर्यंत वायु आंत कोंडलेला राहतो. पुण्यास १८८४ त आर्देशिर आणि मुंबईस १८८९ त दिनशाजी पांडोळे यांच्या ड्यूक कंपनीनें सोड्याचे कारखाने काढले, ते बाटलीचेच. गोटीसोडा हा आपल्या हवेनें तोटीविरुद्ध दिलेला निकाल होता, असें म्हटल्यास चालेल.

हा निकाल विजेनें फिरविला. आज ठाणें, कल्याण, डोंबिवली येथें स्टेशनाबाहेर व देवळांपाशीं पोलादी शीतपेट्या दिसतात. शीतद्रवाची नळी हौदाभोंवतीं गुंडाळलेली असते, तोटी हौदास जितकी चिकटून तितका पहिला घोट थंड. पेटीवर दात्याचें नांव व ज्याच्या स्मरणार्थ दान केलें त्याचें नांव कोरलेलें असतें; कान्हेरीच्या सामिदत्ताच्या लेखाहून त्या मजकुराची घडण फारशी निराळी नाहीं. वीज नसते तेथें कुंभारांनीं आपल्या परीनें तडजोड काढली आहे: माठाच्या बुडाशीं भोंक ठेवून त्यांत रबरी चकती घालून तोटी बसवितात. असा माठ झिरपतो म्हणून थंड राहतो, आणि आंत कोणाचा हात जात नाहीं म्हणून तो कोणाच्याही पाण्यास पुरतो. तोटीची मान तेवढी झिरपत नाहीं. तींतील दोन घोट पाणी कोंबट निघतें, तें बहुतेक लोक खालीं ठेवलेल्या तुळशीच्या कुंडींत सोडतात.