हातात कागद नाही, तरी कीर्तनकार दोन तास बोलतात कसे?

अलिबाग, पेण किंवा रोह्याकडच्या एखाद्या देवळात सप्ताह चालू असेल तर जरा थांबून बघा. बुवा उभे असतात, हातात फार तर चिपळ्या नाहीतर झांजा. समोर ना पोथी, ना चिठ्ठी. तरी दीड-दोन तास शब्द अडत नाही.

बऱ्याच जणांना वाटतं की बुवा ऐनवेळी सुचेल ते बोलतात. तसं नसतं.

नारदीय कीर्तनाचा साचा ठरलेला आहे. पूर्वरंगात एक अभंग किंवा पद घ्यायचं आणि त्याचा अर्थ उलगडायचा, यालाच निरूपण म्हणतात. मध्ये नामाचा गजर होतो, बुवांना हार घालून बुक्का लावतात. मग उत्तररंगात तोच मुद्दा पटवणारी गोष्ट, म्हणजे आख्यान. शेवटी परत मूळ पदावर यायचं. त्यामुळे भाषण पाठ करायची गरज नसते, रस्ता माहीत असला की झालं.

पाठ असतात ती पदं. ओवी, अभंग, साकी, दिंडी, आर्या यांना छंद आणि चाल असते, म्हणून शब्द निसटत नाहीत. मधलं गद्य मात्र मोकळं. समोर म्हातारी मंडळी आहेत की शाळेतली पोरं, ते बघून दाखले बदलतात. साथीदार धृपद घोळवत असतात, तेवढ्यात बुवांना पुढचं आठवायला सवड मिळते. समर्थ रामदासांनी दासबोधात कीर्तनभक्तीवर अख्खा समास लिहिलाय (दशक 4, समास 2). त्यातही भरपूर पाठांतर करा, ग्रंथ कंठात ठेवा, असंच सांगितलंय.

हा साचा किती पक्का आहे, ते बेने इस्रायल समाजाकडे बघून कळतं. हे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं, अशी त्यांची परंपरा सांगते. पेणकर, किहिमकर ही आडनावं इथल्याच गावांची. हिब्रू फार थोड्यांना यायची. मग 1880 मध्ये मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि इतरांनी आपल्या समाजासाठी कीर्तन सुरू केलं. अष्टमी म्हणजे आपल्या रोह्याशेजारचीच. आख्यानाच्या जागी अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा आल्या, तेही साकी-दिंडीत! ज्यांना धर्मग्रंथ वाचता येत नव्हता, त्यांना तो मायबोलीत ऐकायला मिळाला.

1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली आणि ही कीर्तनं विरळ झाली. पदं कागदावर टिकतात. पण कोणती ओळ कुठल्या चालीत म्हणायची, दोन पदांच्या मध्ये गोष्ट कशी रंगवायची, हे म्हणणाऱ्याबरोबरच जातं. संगीताच्या अभ्यासक अ‍ॅना शुल्ट्झ यांनी या कीर्तनांवर संशोधन केलंय. त्यासाठी त्यांना समाजातल्या गाणाऱ्या बायकांकडे जावं लागलं.